आखूड नळी, मोठी बोअर

अल बर्शा, दुबई
९ फेब्रुवारी २०२५

ती. दत्तामामांस,
स्वप्नालीचा साष्टांग नमस्कार.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचे मेसेज तुम्ही उघडत नाही, म्हणून चक्क कागदावर लिहून कुरिअर करतेय. शुभ्रा विचारत होती, "मम्मा, हू राइट्स लेटर्स नाऊ?" म्हटलं, ज्यांनी जन्मभर बंदुका विकल्या, दुरुस्त केल्या आणि कानाशी उडवून बघितल्या, त्यांना लिहितात.

आता कामाचं. जुलैमध्ये आम्ही दोघी कायमच्या परत येतोय. इतकी वर्षं शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात दुसऱ्यांचे चिलर आणि कॉम्प्रेसर सांभाळले, आता बाबांचं तासगावचं कोल्ड स्टोरेज सांभाळायचं. बाबा गेल्यापासून नागेशच सगळं बघतोय, बाबांच्या हाताखाली तोच मॅनेजर होता, त्यामुळे कारखाना बंद पडला नाही हे खरं. पण मालक मी आहे. बेदाणा शेतकऱ्यांचा आणि जबाबदारी माझी, तर मी तिथे उभी असायला हवी ना? शुभ्राला सांगलीच्या शाळेत घालणार, मी आवारालगतच्या क्वार्टरमध्ये राहणार.

म्हणून जानेवारीत बाबांच्या वर्षश्राद्धाला आले होते तेव्हाच कलेक्टर कचेरीत शस्त्र परवान्याचा अर्ज देऊन आले. परवाना मिळाला की खरेदी तुमच्याच दुकानातून. काय घ्यायचं ते माझं जवळजवळ ठरलंय. पिस्तूल नको, रिव्हॉल्व्हर. नळी आखूड, पर्समध्ये मावेल अशी. आणि बोअर मोठी, तोंड चांगलं रुंद. ते बत्तीस वगैरे नको, मॅग्नम हवं. समोरच्याने नुसतं बघितलं तरी त्याचे पाय गळले पाहिजेत.

तुमच्याकडे तसं एखादं असेल तर बाजूला काढून ठेवा. इथे ऑफिसात सगळं यल्ला यल्ला, म्हणजे चला चला, असतं, त्यामुळे मला उत्तरही लवकर हवंय. जानेवारीत तुमचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तिकडेच होते, तरी भेटायला न येता परतले, त्याची चुटपुट आहे. टाके कसे आहेत?

तुमची,
स्वप्नाली


मिरज
१७ फेब्रुवारी २०२५

चि. स्वप्नालीस,
अनेक आशीर्वाद.

टाके उत्तम. मी दवाखान्यात होतो ते सगळे दिवस नागेश तासगावहून येऊन दुकान उघडत होता. मुलगा म्हणून त्याने प्रथमच माझं कौतुक मिळवलं.

आता तुझ्या मॅग्नमबद्दल. दुकानात येणारं गिऱ्हाईक दोन प्रकारचं असतं. एक विचारतं, "काय झेपेल?" दुसरं म्हणतं, "मोठं दाखवा." दुसऱ्याला मी आधी चहा पाजतो आणि त्याचा उत्साह थंड होऊ देतो. तू इथे असतीस तर तुलाही चहाच मिळाला असता.

नीट ऐक. मॅग्नम म्हणजे मोठं काडतूस आणि मोठं काडतूस म्हणजे जास्त दारू. ती जळायला नळीची लांबी लागते. नळी आखूड असली की उरलेली दारू नळीच्या तोंडाबाहेर जळते. म्हणजे जाळ, कानठळ्या बसवणारा आवाज, आणि मनगटाला असा झटका की दुसरी गोळी झाडायच्या वेळी हात अजून आभाळाकडेच असतो. शिवाय नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांत अंतरच नाही, त्यामुळे इथे हात केसभर हलला की तिकडे गोळी माणसाला सोडून भिंतीत. आणि पर्समधून काढायला सोपं म्हणतेस, तर हलकं आणि आखूड रिव्हॉल्व्हर झाडायला सगळ्यात अवघड असतं. लोकांना हे उलटं वाटतं.

माझं मत बत्तीस बोअर, चार इंची नळी. दिसायला गरीब आहे, पण तू झाडशील ती प्रत्येक गोळी जिथे हवी तिथे जाईल.

तुझ्या मनातलं हत्यार माझ्या तिजोरीत एक आहे. पलूसचे एक बागायतदार वारले, त्यांच्या पत्नीने ते माझ्याकडे ठेवीला दिलंय. ते विकायचं नाही आणि विकायचं असतं तरी तुला दिलं नसतं.

तिकडे नेमबाजीचे क्लब आहेत असं ऐकतो. आधी जाऊन झाड, मग माझ्याशी भांड. आणि दोन गोष्टी कळव. भीती कोणापासून आहे? आणि तो किती जवळ येईल? हे कळल्याशिवाय हत्यार सुचवणारा माणूस दुकानदार नव्हे, हमाल.

तुझा,
दत्तामामा


अल बर्शा
२ मार्च २०२५

ती. मामा,
सा. न.

गेले, झाडलं आणि आता भांडते.

शारजाच्या बाहेर वाळवंटाच्या कडेला एक क्लब आहे. पासपोर्टची कॉपी, एमिरेट्स आयडी, दोनशे दिरहॅम, म्हणजे आपले साडेचार हजारांच्या वर, की मिळाली लेन. तिथली इन्स्ट्रक्टर हुमेरा, हैदराबादची आहे. माझ्याच वयाची, बोलणं एकदम कडक. माझ्या सँडल बघून म्हणाली, "मॅडम, ये मॉल नहीं है. गरम खोखा पाँव पे गिरेगा तो नाचोगी." खोखा म्हणजे आपलं काडतुसाचं टरफल. मग स्वतःचे बूट काढून दिले.

मी आखूड नळीचं मॅग्नमच मागितलं. तिने भुवई वर केली, पण दिलं. सात यार्डांवर कागद लावला. आणि मामा, सांगायला अभिमान वाटतो, पहिल्याच दिवशी बहुतेक गोळ्या कागदावर! झटका आहे, पण तुम्ही वर्णन केलंत तसा भूकंप वगैरे काही नाही. कामावर रिकाम्या टाकीवर घण मारताना यापेक्षा जास्त मनगट दुखतं. मी कॉम्प्रेसरचे नट स्वतः आवळणारी बाई आहे हे तुम्ही विसरलात.

आता रमजान सुरू झालाय, क्लबच्या वेळा बदलल्यात, तरी दर शनिवारी जायचं ठरवलंय. हुमेरा रोजा धरून उभी असते आणि पाण्याचा घोट न घेता माझ्यावर ओरडते.

तेव्हा बत्तीसचा विषय खलास. मॅग्नम बघून ठेवा.

तुमची,
स्वप्नाली

ता. क. भीती कोणापासून म्हणून विचारलंत. हायवेलगतची जागा, बाई एकटी. एवढं पुरे नाही का?


मिरज
१० मार्च २०२५

चि. स्वप्नाली,
आशीर्वाद.

अभिनंदन. आता त्या हुमेराबाईंना एक विचार. तुला दिलेली काडतुसं मॅग्नमची होती की अडतीस स्पेशलची? मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये अडतीसची मवाळ काडतुसं बसतात आणि शहाणा शिक्षक नवशिक्याला तीच देतो. तू वाघावर बसलीस असं तुला वाटतंय, पण बाईंनी तुला शेळीवर बसवलं असणार. आपल्याकडे अडतीसवर बंदी आहे. इथे तुला त्यात खरं मॅग्नमच घालावं लागेल.

आणि पुरे नाही. "हायवेलगतची जागा, बाई एकटी" हे तू अर्जात लिहिलं असशील. मी कलेक्टर नाही. तू एखाद्या चोराला भीत असतीस तर कुत्रा, दिवे आणि कॅमेरे याबद्दल विचारलं असतंस. तू लिहितेस, "समोरच्याने नुसतं बघितलं तरी त्याचे पाय गळले पाहिजेत." म्हणजे समोरचा तुझ्या डोळ्यांपुढे आहे. तुला त्याचा चेहरा माहीत आहे. त्याला हत्यार दाखवायची तुझी इच्छा आहे. स्वप्ने, दाखवायला म्हणून घेतलेलं हत्यार समोरचा हिसकावून घेतो, हे मी फार वेळा पाहिलंय.

कोण आहे तो? काय झालं?

दत्तामामा


अल बर्शा
२३ मार्च २०२५

ती. मामा,
सा. न.

तुमचं खरं निघालं. शेळीच होती. हुमेराला विचारलं तर हसून म्हणाली, "पहले दिन असली देती तो दूसरे दिन आप आतीं?" मग मी असली मागितलं. पहिल्या गोळीला डोळे मिटले गेले, गोळी कागद सोडून कुठेतरी गेली आणि अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोलली. शेजारच्या लेनवरचा माणूस झाडणं थांबवून बघायला लागला. मला इतका राग आला की पट्टी बांधून परत उभी राहिले. त्या दिवशी काही जमलं नाही. आठवड्यात मध्येच एक सुट्टी काढून गेले, तेव्हा थोडं जमलं. काल पाचपैकी चार मधल्या काळ्या गोलात, आणि गोळ्या असली. हुमेराने कागद गुंडाळून माझ्या हातात दिला. तो तुम्हाला सोबत पाठवतेय. त्यामुळे झेपत नाही हे कारण आता चालणार नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. अर्धं देते.

जानेवारीत श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी मी कोल्ड स्टोरेजवर गेले होते. भर दुपार होती. मशीनरूम बघितली, रजिस्टरं मागितली, म्हटलं जुलैपासून मी येतेय. मग निघाले. गेटच्या बाहेर गाडी वळवत होते तेव्हा एक माणूस खिडकीशी आला. ओळखीचा आहे. मी काच खाली केली. त्याने डाव्या हाताने दार धरलं आणि उजव्या हातातलं रिव्हॉल्व्हर खिडकीच्या कडेवर ठेवलं. रोखलं नाही, नुसतं ठेवलं, चहाचा कप ठेवावा तसं. आणि म्हणाला, "दुबईत सुखात आहेस. तिथंच राहा. पोरगी पण सुखात राहील."

मामा, पाय खरोखर गळले. क्लच सुटला आणि गाडी बंद पडली. तो हसला आणि गाडी सुरू होईपर्यंत तिथेच उभा राहिला.

ते रिव्हॉल्व्हर मी अजून बघतेय. आखूड नळी, तोंड एवढं मोठं की आत बोट जाईल असं वाटलं. लालसर लाकडाची मूठ, त्यात चांदीचा "श्री" बसवलेला. मला अगदी तसंच हवंय. त्याला कळायला हवं की माझ्याकडेही तेच आहे.

नाव विचारू नका. मी लिहिणार नाही. पोलिसांत तक्रारही केलेली नाही, त्याला कारण आहे.

स्वप्नाली


मिरज
३१ मार्च २०२५

चि. स्वप्नाली,

नाव तू लिहिलं नाहीस. मी लिहितो. नागेश.

चांदीचा "श्री" मीच बसवून घेतला होता, पलूसच्या बागायतदारांच्या सांगण्यावरून, इथल्याच सोनाराकडून. तसं दुसरं या जिल्ह्यात नाही. पत्र वाचलं आणि तिजोरी उघडली. रिव्हॉल्व्हर जागेवर होतं. पण मी ठेवीतलं हत्यार जाड ग्रीस लावून ठेवतो. हे कोणीतरी फडक्याने कोरडं पुसून ठेवलं होतं आणि नळीवर अंगठ्याचा ठसा गंजून उठला होता. मी दवाखान्यात होतो तेव्हा किल्ल्या एकाच माणसाकडे होत्या.

काल पाडवा. नागेश जेवायला आला. ताट वाढण्याआधी मी ते रिव्हॉल्व्हर त्याच्यासमोर ठेवलं आणि विचारलं, "हे स्वप्नालीला दाखवलंस?"

माझ्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, तुला माहीत आहे. त्यामुळे त्याला कबुलीसुद्धा ओरडूनच द्यावी लागली. शेजारच्यांनीही ऐकली असेल.

"त्यात गोळ्या नव्हत्या, अण्णा! नुसतं दाखवलं!"

"नव्हत्या हे तिला माहीत होतं का?"

त्याने रिव्हॉल्व्हर माझ्याकडे परत सरकवलं. मग म्हणाला, "बारा वर्षं मी तिथं अमोनियाचा वास खाल्ला. शेतकरी मला ओळखतात, मशिनं मला ओळखतात. आणि मालकीण विमानातून उतरणार?"

त्याचं दुःख खोटं नाही, स्वप्नाली. तुझ्या वडिलांनी त्याला भागीदारीचं बोलून दाखवलं होतं आणि कागद कधी केला नाही, हे मला माहीत आहे. पण दुःख आहे म्हणून माझ्या तिजोरीतलं हत्यार काढून बहिणीच्या खिडकीत ठेवायचं? आणि त्या लेकराचं नाव घ्यायचं?

तो न जेवता गेला. मी एकटा जेवलो. शिजवलेलं अन्न टाकायचं नाही म्हणून.

ठेवीतलं शस्त्र माझ्या ताब्यातून बाहेर गेलं. हे मला पोलिसांना कळवावंच लागेल. उद्या सकाळी जाणार आहे. हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर मी जाऊन आलेलो असेन, म्हणून मला अडवायचा विचार करू नकोस.

तू मला का सांगितलं नाहीस ते समजतं. पुन्हा असं करू नकोस.

दत्तामामा


अल बर्शा
७ एप्रिल २०२५

ती. मामा,

तुमचं पत्र ऑफिसच्या रिसेप्शनवर मिळालं आणि मी तिथेच उभ्याने वाचलं. मग तुम्हाला फोन लावला. तुम्ही उचललात. "कोण? मोठ्याने बोला!" म्हणालात आणि मी मोठ्याने रडले, ते तुम्हाला ऐकू गेलं नाही. बरंच झालं.

मी तुम्हाला नाव सांगणार नव्हते, कारण नागेश तुमचा एकुलता एक आहे आणि आई-बाबा गेल्यावर माझ्या माहेरात तुमच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. तरी मुठीवरचा "श्री" मी लिहिला. तो न लिहिताही पत्र झालं असतं. म्हणजे तुम्हाला कळावं असं मला आतून वाटत असणार. पण ते हत्यार तुमच्याच तिजोरीतलं असेल हे स्वप्नातही नव्हतं.

आता मागे हटणं माझ्याही बाजूने नाही. अल मनखूलला आमच्या ओळखीच्या वकील आहेत, आशाताई. त्यांनी तक्रारीचा मसुदा करून दिला. आज सकाळी बर दुबई भागातल्या भारतीय कॉन्सुलेटमध्ये जाऊन सह्या-शिक्के करून आले, सांगलीच्या वकिलांकडे कागद निघालेत. जे घडलं तेच लिहिलंय, एक शब्द वाढवलेला नाही. बाबांनी भागीदारीचं बोलल्याचं मला माहीत नव्हतं. तेही मी नंतर बघेन, पण खिडकीत रिव्हॉल्व्हर ठेवणाऱ्याशी नाही, वकिलांसमोर बसलेल्या नागेशशी बोलून.

मामा, तुम्ही कसे आहात? तुमच्या पत्रात बाकी सगळं आहे, तेवढं नाही.

स्वप्नाली


मिरज
२८ एप्रिल २०२५

चि. स्वप्नाली,
आशीर्वाद.

मी बरा आहे. दुकान बंद आहे.

पोलिसांनी पंचनामा केला, सगळी हत्यारं मोजून नेली, दाराला सील लावलं. इन्स्पेक्टर तरुण आहे, सभ्य वाटला. मी जबाब देत असताना मध्येच लेखणी थांबवून त्याने कागदावर लिहून विचारलं, "काका, मुलाचं नाव घालायचंच का? किल्ली हरवली होती असं म्हणता येईल." मी म्हटलं, "इतकी वर्षं किल्ली हरवली नाही म्हणून तर लोक माझ्याकडे हत्यारं ठेवतात." डीलरचा परवाना निलंबित झालाय. परत मिळेल असं वाटत नाही, आणि या वयात मिळून करायचं काय?

नागेशला तासगावातून उचललं. तुझं कोल्ड स्टोरेज सध्या तिथले जुने ऑपरेटर चालवताहेत. मी कोठडीत भेटायला गेलो. त्याने विचारलं, "तुम्ही बाप आहात का कोण?" मी म्हटलं, "बाप आहे म्हणून डबा आणलाय." डबा त्याने घेतला.

आता हत्याराविषयी. मी माझं मत बदलतो. मी तुला चोराचिलटासाठी बत्तीस सांगितलं होतं. आता माहीत आहे की समोर येणारा गाडीच्या खिडकीइतका जवळ येतो, धिप्पाड आहे, आणि रागावला की थांबत नाही. तू पाठवलेला कागद मी भिंतीला लावून रोज बघतो. असली मॅग्नम, आखूड नळी, आणि चार गोळ्या गोलात! माझ्याकडे शिकलेल्या कितीतरी पुरुषांना हे जमलं नाही. तुझं म्हणणं बरोबर होतं. मोठंच घे. कोल्हापूरच्या एका डीलरकडे तसं आहे, माझा शब्द आहे त्याच्याकडे, तुला फसवणार नाही. परवान्यात मॅग्नम लिहून घ्यायला विसरू नकोस.

आपल्याच मुलाची छाती केवढी ते लक्षात घेऊन बोअर सुचवणारा माणूस मी पहिलाच असेन. पण तू सल्ला मागितलास तर खरा सल्ला द्यायला हवा.

दत्तामामा


अल बर्शा
१८ मे २०२५

ती. मामा,
सा. न.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. शेवटच्या दोन ओळी तिसऱ्यांदा वाचवल्या नाहीत.

आता माझं ऐका. मोठं नको. बत्तीसच घेणार, चार इंची. तुम्ही म्हणाल ही बाई मुद्दाम उलटी चालते. तसं नाही. आता झाडता येतं, म्हणून डोकं शांत ठेवून विचार करता आला.

गेल्या आठवड्यात एका साइटवर नवीन कोल्ड रूमचं पॅनेल बसवत होतो. सुपरवायझरच्या हातून ड्रिल निसटलं आणि दोन पत्रे, मधला फोम, सगळं पार करून पलीकडे आलं. पलीकडे माणूस उभा होता, वाचला. मी तिथेच थबकले. आपल्या तासगावच्या भिंती अशाच आहेत ना! मॅग्नमची गोळी चुकली, किंवा लागून आरपार गेली, तर भिंत तिला अडवणार नाही. भिंतीपलीकडे बायका बेदाणा निवडत बसलेल्या असतात. दुसरीकडे मशीनरूम आहे. तिथे गेज, व्हॉल्व्ह, अमोनियाचा रिसीव्हर, म्हणजे ज्या गॅसवर सगळं थंड होतं त्याची टाकी. एक व्हॉल्व्ह फुटला की नागेश राहिला बाजूला, अख्खी शिफ्ट मरेल. आणि आखूड नळीतून निघणारा तो जाळ! अमोनिया साचला असेल तर तो पेट घेतो. गळती असलेल्या जागी मी काडी ओढू देत नाही आणि स्वतः ते झाडू?

बत्तीसची गोळीही काही फुलासारखी नाही, हे कळतं. म्हणून नियम केलाय. आवारात पाऊल टाकलं की ते ऑफिसच्या तिजोरीत. बरोबर असेल ते फक्त रस्त्यावर आणि क्वार्टरमध्ये. आवारासाठी दोन माणसं गेटवर, कॅमेरे, आणि मशीनरूमला माझं कुलूप.

हुमेराला हे सांगितलं. ती म्हणाली, "अब मॅडम को गन चाहिए. पहले गुस्सा चाहिए था." मग तिने चार इंची नळीचं रिव्हॉल्व्हर काढलं, मवाळ काडतुसं भरली. पाच गोळ्या, मामा, पाचही एका पोस्टकार्डात मावतील एवढ्या जागेत.

जानेवारीत त्याच्या हातात जे दिसलं तेच मला हवं होतं. आता मला त्याच्यासारखं काहीच नको.

परवान्यासाठी पोलीस पडताळणी झाली, सांगलीचे वकील सांगत होते. आम्ही चार जुलैला निघतोय. शुभ्रा रुसून बसलीय, "आय डोन्ट नो एनीवन देअर," म्हणते. मी म्हटलं, एक आजोबा आहेत, त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे तू काहीही बोललीस तरी चालेल. तेव्हा हसली.

तुमची,
स्वप्नाली


मिरज
२२ जून २०२५

चि. स्वप्नाली,
अनेक आशीर्वाद.

भिंतीचा विचार मला सुचला नाही. मी जन्मभर समोरच्या माणसापर्यंतच विचार केला, कारण माझं काम तिथे संपायचं. तू त्याच्या मागे कोण आहे ते पाहिलंस. बत्तीस, चार इंची, ठरलं. कोल्हापूरच्या डीलरला निरोप दिलाय. घेताना चाप स्वतः ओढून बघ, जड लागला तर दुसरं मागून घे, लाजू नकोस.

नागेशला जामीन मिळाला. तासगाव तालुक्यात जायचं नाही अशी अट आहे. इथे आला होता. अर्धा दिवस बसून होता, पेपर चाळत. जाताना माझ्या कानाशी येऊन विचारलं, "तिनं काय घेतलं?" मी म्हटलं, "तिलाच विचार." "चालवता येतं का तिला?" मी भिंतीवरचा कागद दाखवला. बराच वेळ बघत उभा राहिला. मग खिशातून कोल्ड स्टोरेजच्या किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. "मशीनरूमचा दोन नंबरचा कॉम्प्रेसर तेल खातो, सांग तिला," म्हणाला आणि गेला.

तो सुधारला असं मी लिहीत नाही. मला माहीत नाही. भागीदारीचं तू वकिलांसमोर बघते म्हणालीस, ते बघ, त्यात त्याचं जे असेल ते त्याला मिळू दे. पण तो शांत झालाय यावर विसंबून राहू नकोस. मी बाप आहे, आणि मीही विसंबलेलो नाही.

तुम्ही याल तेव्हा मी स्टेशनवर असेन. पहिले काही महिने मी तुझ्या क्वार्टरमध्ये राहायला येणार आहे, विचारत नाहीये, कळवतोय. दुकान नाही, घरात बसून भिंती बघवत नाहीत. तुझ्याकडून रोज संध्याकाळी रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर सराव करून घेईन. शुभ्राला माझ्या कानाशी ओरडायची सवय होईल, तिचा आवाज मोकळा होईल.

एकच मागतो. समज, कधी एकदा, रस्त्यावर, तो पुन्हा तुझ्या खिडकीशी आला. हातात काही असलं आणि ते त्याने तुझ्यावर किंवा त्या पोरीवर उचललं. त्या क्षणी हा मामाचा मुलगा आहे, असा विचार करायला तू थांबू नकोस. तेवढ्यात तो गोळी झाडून मोकळा होतो आणि तू संपतेस. त्या विचाराचं ओझं माझं आहे, मी ते आजच घेतलंय. तुझा हात त्या ओझ्यातून मोकळा राहू दे, फक्त नेमासाठी.

सांभाळून या.

तुझा,
दत्तामामा